भावाच्या पोराचे गुण

सोमवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही वह्या साहेबांच्या टेबलावर पाहिजे होत्या, आणि रविवारी दुपारी आईकडे जेवण होतं. कुणी मुद्दाम जुळवायला गेलं असतं तरी इतकं वाईट जुळलं नसतं.

"पोटात दुखतंय म्हणून कळवू का?" थोरलीने गाडीत बसता बसता विचारलं.

"कुणाच्या?"

"तुमच्या म्हणू. तुमच्या पोटात गेली सव्वीस वर्षं दुखतंयच."

थोरल्याने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर लांब्या गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. पोरगा एकविसाव्या वर्षी सहा फूट दोन इंच झाला होता आणि बापाने गाडी काही बदलली नव्हती.

सव्वीस वर्षं म्हणजे काय, हे या घराण्यात कुणाला विचारावं लागत नाही. तरी सांगून टाकू. थोरला अकरा वर्षं फुटबॉल क्लबच्या राखीव संघात खेळला. पहिल्या संघातलं कुणी जखमी झालं तर आपल्याला बोलावतील, म्हणून अकरा वर्षं दर शनिवारी बूट पुसून बसला. बोलावणं आलं ते धाकट्याला. तो राखीव संघात येऊन दोन वर्षं झाली नव्हती. पहिल्या संघाचा लेफ्ट बॅक, डाव्या कडेचा बचाव सांभाळणारा, लंगडत बाहेर आला आणि धाकटा आत गेला, शेवटची सात मिनिटं. पुढे वर्षभरात धाकट्याचा गुडघा गेला आणि तोही संपला. पण पहिल्या संघाकडून एकदा जरी खेळलेला असला तरी त्याचं नाव क्लबच्या जाड पुस्तकात लिहितात. त्या पुस्तकात धाकटा आहे आणि थोरला नाही.

आता थोरला राखीव संघाचा कोच होता आणि धाकटा अकादमीच्या अठरा वर्षांखालच्या पोरांचा. थोरल्याचा लांब्या बापाच्याच हाताखाली राखीव संघात, धाकट्याचा भिंगरी बापाच्याच हाताखाली अकादमीत. दोघंही डावरे आणि दोघंही लेफ्ट बॅक, कारण या घरात उजवा पाय फक्त उभं राहायला वापरतात.

प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला कोचने दहापैकी गुण द्यायचे आणि शेजारी शेरा लिहायचा, ही क्लबची जुनी पद्धत. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पालकाने तक्रार केली की बाप पोराला गुण देतोय, हे कसलं माप. तेव्हा क्लब चालवणाऱ्या साहेबांनी नियम काढला. स्वतःच्या पोराला कुणी गुण द्यायचे नाहीत, शेरा लिहायचा नाही, मैदानावर किंवा घरी त्याच्याशी खेळाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. थोरल्याच्या पोराचे गुण धाकट्याने द्यायचे, धाकट्याच्या पोराचे थोरल्याने. दोघांना एकेक निळी वही मिळाली, पानांवर छापील आकडे, फाडायची सोय नाही. सख्खे भाऊ आहेत, एकमेकांच्या पोरांचं वाईट कशाला करतील, असं साहेब म्हणाले. साहेब एकुलते एक होते. त्यांना भाऊ असता तर त्यांनी असला नियम जन्मात काढला नसता.

आणि आता पुढच्या हंगामात राखीव संघात लेफ्ट बॅक एकच ठेवायचा ठरलं होतं. भिंगरी महिन्याभरात अठरा पूर्ण करणार होता. अठरा झालं की अकादमीत राहता येत नाही, वर चढायचं नाहीतर बॅग उचलायची. तो वर चढला तर लांब्याने बॅग उचलायची. सोमवारी साहेब वह्या बघणार आणि एकाला ठेवणार.

---

आईचं घर स्टेडियमच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरावाच्या मैदानाचा लांबचा गोल दिसतो. आईने चौतीस वर्षं क्लबचे कपडे धुतले. पहिला संघ, राखीव संघ, अकादमी, सगळ्यांचा चिखल तिच्या हाताखालून गेला. डाग कुठे आहे त्यावरून कोण कसा खेळला ते ती सांगायची आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. कोचांना त्याचा राग यायचा, स्वतःच्या दोन पोरांना धरून.

"दोन तंगड्या आहेत म्हणून बरं," भाजलेली कोंबडी कापताना ती म्हणाली. "एकच असती तर आज पोलीस बोलवावे लागले असते."

एक तंगडी लांब्याच्या ताटात गेली, एक भिंगरीच्या. थोरलीने दोन्हींकडे बघितलं. भिंगरीची मोठी होती. पाच फूट सहा इंचाच्या पोराला ती तंगडी आणि सहा फूट दोन इंचाच्या पोराला ही. ती काही बोलली नाही, पण बोलली नाही हे टेबलावर सगळ्यांना ऐकू आलं.

"काल तुमची मॅच हरली म्हणे, भाऊजी," धाकटी म्हणाली. ती गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे साधं बोलली तरी ब्रेक दाबायला सांगितल्यासारखं वाटतं.

"दोन शून्य," थोरला म्हणाला.

"अरेरे. आमची चार एक. भिंगरीने दोन गोल करून दिले."

"तीन," भिंगरी तोंडात घास घेऊन म्हणाला.

"तीन दिले का? मला दोनच सांगितलं तुझ्या पप्पांनी."

धाकट्याने पाण्याचा पेला उचलला. थोरल्याला मनात बरं वाटलं. तीनच होते. तो स्वतः कडेला उभा होता, वही घेऊन. तिसऱ्या वेळी पोराने डाव्या पायाने असा काही चेंडू उचलून दिला की थोरल्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं होतं. शेजारच्या माणसाने वळून बघितलं तेव्हा तो खोकला होता. मग त्याने वहीत गुणांच्या रकान्यात सहा लिहिले.

दर वेळी हेच व्हायचं. सात लिहायला पेन टेकवलं की हात अडायचा. सात आकडा त्याच्याने लिहवतच नसे. आठ लिहिले तर आपल्याच भावाच्या पोराला डोक्यावर घेतलं असं होईल, आणि सात तर नाहीच. म्हणून सहा. पोराने काही चूक केली की साडेपाच. शेऱ्यात मात्र त्याला खोटं लिहिता येत नसे. शेरा कोण वाचतं म्हणा. साहेब आकड्यांची बेरीज करतात आणि वही मिटतात.

"लांब्या, तू का गप्प?" आईने विचारलं.

"जेवतोय, आजी."

"तुझी चड्डी काल डावीकडून स्वच्छ होती म्हणे. धुलाईतली पोरगी सांगत होती. लेफ्ट बॅकची चड्डी डावीकडून स्वच्छ म्हणजे काय?"

"आई!" थोरली म्हणाली. "जेवू दे ना त्याला. सगळ्यांनी मिळून एकाच पोराच्या मागे कशाला लागायचं?"

"मी कुणाच्या मागे लागले नाही. मी चड्डीबद्दल बोलले."

धाकट्याने विषय बदलायचा म्हणून हवेबद्दल काहीतरी काढलं. त्याच्याशी कुणीच हवेबद्दल बोललं नाही.

---

थोरली औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांनी कोंबड्याचे पाय काढावेत तशी अक्षरं काढली तरी ती वाचते. एखाद्याचं दुखणं चिठ्ठीवरून आधीच कळायची तिला सवय, आणि आपल्या पोराचं काय होणार ते मात्र एका बंद वहीत. गेले आठ दिवस तिला झोप नव्हती.

दोन्ही भावांच्या क्लबच्या बॅगा पॅसेजमध्ये खुंटीला शेजारी शेजारी लटकत होत्या. वह्या घरी ठेवायच्या नाहीत, सतत जवळ बाळगायच्या, असाही साहेबांचा नियम होता. थोरली हात धुवायला उठली. धाकट्याच्या बॅगेला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला असतो, हे तिला माहीत होतं.

तिने वही उघडली. धाकट्याचं अक्षर भयंकर होतं, पण आकडे कुणालाही वाचता आले असते. साडेसात. साडेसात. आठ. साडेसात. साडेसात. पानामागून पान. लांब्याला तीन वर्षांत सातच्या खाली एकदाही दिले नव्हते. कालच्या हरलेल्या सामन्यालाही साडेसात.

थोरलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन वर्षं तिने या दिराला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती. मग दुसरा विचार आला आणि पाणी जागीच सुकलं. नवऱ्याच्या वहीत काय आहे ते तिला माहीत होतं. तो बाथरूमला गेला की ती उशाशी ठेवलेली वही चाळत असे. सहा, सहा, साडेपाच, सहा. म्हणजे बेरीज झालीच की. लांब्याची जागा टिकली. यात आपण काहीच केलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. वही जागेवर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"दे गं, मी विसळते," ती धाकटीला म्हणाली. "तू कालपासून दमली असशील."

धाकटीच्या हातातली बशी हातातच राहिली.

"आणि भिंगरी काय छान दिसतो गं आता. अगदी हुशार पोरगा. कुठेही गेला तरी नाव काढेल."

"कुठेही म्हणजे?"

"म्हणजे... कुठेही."

वीस वर्षं जावा होत्या दोघी. या बाईने आजवर धाकटीच्या पोराला हुशार म्हटलं नव्हतं आणि तिची बशीही विसळली नव्हती. थोरली जाऊ गोड बोलायला लागली की आपली पर्स कुठे आहे ते बघावं, हे धाकटीने लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकून घेतलं होतं. तिने नॅपकिनला हात पुसले आणि ती सरळ पॅसेजमध्ये गेली. तिने इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. चोरी करायची तर तीही इंडिकेटर देऊन, असा तिचा स्वभाव.

---

"सहा!" जेवणाच्या खोलीच्या दारात उभी राहून ती ओरडली. "सहा, सहा, साडेपाच, सहा! माझ्या पोराला! काल तीन गोल करून दिले आणि सहा!"

थोरला उभा राहिला. "ती वही क्लबची आहे. ठेव ती."

"ठेवते ना. उद्या साहेबांच्या डोक्यात ठेवते. अहो, तुम्ही बघताय काय? तुमच्या पोराचा गळा कापलाय तुमच्या भावाने."

धाकटा खुर्चीतच बसून राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा," तो म्हणाला. "मी लांब्याला साडेसात देत आलो. तीन वर्षं. आणि तू सहा?"

"मला जे दिसलं ते लिहिलं."

"तुला जे दिसलं ते? अख्ख्या अकादमीत त्याच्याएवढा पोरगा नाही, हे क्लबचा पहारेकरीसुद्धा सांगेल!"

"मग पहारेकऱ्याकडे द्यायची वही!"

"जळतोस तू. सव्वीस वर्षं जळतोयस. माझ्यावर काढ ना, पोरावर कशाला?"

"हो, जळतो!" थोरल्याने टेबलावर हात आपटला आणि पेले हलले. "का जळू नये? अकरा वर्षं मी रांगेत उभा होतो आणि तू मधूनच घुसलास. माझी सात मिनिटं होती ती! माझी! आणि वर दर वर्षी सगळ्यांसमोर गोष्ट सांगायची, कसा तो त्यांचा फॉरवर्ड आला आणि कसा मी आडवा पडून चेंडू काढला. कान किटले माझे."

"ती जर्सी मी धुतली होती," आई म्हणाली.

कुणाचं लक्ष नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं. "त्या दिवशीची याची जर्सी माझ्याकडेच आली होती धुवायला. धुतली कसली, झटकून ठेवली. डाग नव्हता तिच्यावर. चड्डीवर नव्हता, मोज्यावर नव्हता. आडवा पडला म्हणे. पाऊस पडून मैदानाचा नुसता राडा झाला होता तेव्हा."

थोरला आईकडे बघत राहिला आणि मग भावाकडे.

"चेंडू आलाच नाही माझ्याकडे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "एकदाही नाही. सात मिनिटं नुसता धावत होतो, दादा. इकडून तिकडे. मग कुणीतरी विचारलं काय केलंस, आणि मी सांगून बसलो."

"आई, तू हे सव्वीस वर्षं पोटात ठेवलंस?" थोरल्याने विचारलं.

"एकाकडे काहीतरी होतं. तेही काढून घेऊ? मग दोघंही रिकामे बसला असता माझ्यासमोर."

थोरलीला या सात मिनिटांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दुसरीच भीती होती, बोलता बोलता हे लोक गुण बदलायला निघतील ही. "झालं ना बोलून?" ती म्हणाली. "आता वह्या जागच्या जागी ठेवा. जे लिहिलंय ते लिहिलंय. शाईने लिहिलंय."

"वा!" धाकटी म्हणाली. "म्हणजे तुम्ही ह्यांची वही बघितलीत. तरीच बशा विसळत होतात!"

"द्या इकडे," लांब्या म्हणाला.

तो कधी उठला ते कुणी बघितलं नव्हतं. त्याने काकूच्या हातातून बापाची वही घेतली, दुसरी पॅसेजमधून आणली, आणि दोन्ही टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवल्या.

---

आकडे त्याने बघितलेच नाहीत. आपण सहाचे खेळाडू आहोत, हे लांब्याला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. तो शेऱ्यांचा रकाना वाचत होता.

काकांच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, चांगला खेळला. पुढच्या सामन्याला, चांगला. त्याच्या पुढच्याला, वरीलप्रमाणे. मग नुसत्याच दोन रेघा, वरीलप्रमाणेच्या. पानभर रेघा.

बापाच्या वहीत भिंगरीच्या नावापुढे रकाना पुरला नव्हता. बारीक अक्षर समासात शिरलं होतं, तिथून खाली उतरून पुढच्या ओळीत घुसलं होतं.

"नवव्या मिनिटाला चेंडू पायात येण्याआधीच मान वर," लांब्या वाचायला लागला. "हे शिकवून येत नाही. एकतिसाव्या मिनिटाला पास चुकला, पण कल्पना बरोबर होती, पुढचा झोपला होता. पन्नासनंतर थकतो, श्वास तोंडाने घेतो. घरी नीट झोपत नसावा, विचारायला हवं. चौसष्टला पडला तेव्हा आधी समोरच्या पोराला हात दिला." त्याने पान उलटलं. "डावा बूट घट्ट होतो आहे असं वाटतं, धावताना अंगठा वाचवतो. मोठा घ्यायला सांगणे."

"तुम्ही सांगितलं होतं खरं," भिंगरी मोठ्या काकांना म्हणाला. "बुटाचं. मला वाटलं सहज सांगितलं."

धाकटी खुर्चीवर बसली. तिचा राग कुठे ठेवायचा ते तिला कळेना. तिच्या पोराच्या अंगठ्याबद्दल घरात तिलाही माहीत नव्हतं.

"काका," लांब्या म्हणाला, "मला दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या क्लबने मागितलं होतं. तिथे मी दर शनिवारी पहिल्या संघात खेळलो असतो. साहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, साडेसातचा पोरगा कशाला सोडायचा. आणि वरही घेतलं नाही, कारण मैदानात बघितल्यावर कुणालाही कळतं. दोन वर्षं राखीव संघातच अडकलो मी तुमच्या साडेसातवर."

"मला वाटलं, दादाच्या पोराला कमी दिले तर लोक म्हणतील..."

"लोक."

धाकट्याने मान खाली घातली. लोक म्हणतील हे खरं होतं, पण अर्धंच. कोच म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं की साडेसात हा असा आकडा आहे, ज्याला कुणी वर चढवत नाही आणि खाली काढतही नाही. पहिल्यांदा साडेसात लिहिले तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरं वाटलं होतं. राहू दे दादाचा पोरगा दादासारखाच. हे तो आज बोलणार नव्हता आणि नंतरही कधी बोलला नाही.

"आणि बाबा," लांब्या म्हणाला, "तुम्हाला याचा अंगठा दिसला."

थोरल्याने समोरचा पेला उगाच सरळ केला.

"तीन वर्षं मी रोज तुमच्यासमोर खेळतोय. सामना संपला की तुम्ही सगळ्यांशी बोलता. माझ्यापाशी आलात की म्हणता, चल, आई वाट बघत असेल. मला वाटायचं तुम्ही असेच आहात, तुम्हाला लिहिताबोलता येत नाही. आणि हे बघा." त्याने पानावर बोट ठेवलं. "इतकं लिहिता येतं तुम्हाला. मला याच्या गुणांचं काही नाही वाटत. सहा द्या, दहा द्या. हा समास मला हवा होता."

भिंगरीने ताटातली तंगडी कधीची खाली ठेवली होती.

---

थोरल्याने खिशातून पेन काढलं. भिंगरीच्या शेवटच्या पानावर, जिथे तीन वर्षांची बेरीज होती, तिथे त्याने खाली लिहिलं, "गुण मी चुकीचे दिले आहेत. ते धरू नयेत. शेरे वाचावेत." खाली सही केली.

"अहो!" थोरली किंचाळली. "काय करताय! स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोराला घराबाहेर काढताय!"

"आई, राहू दे," लांब्या म्हणाला.

"काय राहू दे? एक जागा होती!"

"ती याची आहे. मला माहितीये, बाबांनाही माहितीये. नदीपलीकडे अजून मागतात मला, मी गेल्याच आठवड्यात फोन केला होता. काकांनी खरे गुण लिहिले तर साहेब सोडतील." त्याने दुसरी वही काकांकडे सरकवली. "सहा चालतील, काका. पण या वेळी शेरा लिहा."

धाकट्याने पेन घेतलं. "गुण वाढवून दिले होते" एवढं लिहिलं, आणि शेऱ्याच्या जागी पेन टेकवून बसला. त्याला काही आठवेना. तीन वर्षं तो मैदानाच्या कडेला उभा राहून या पोराचा खेळ संपायची वाट बघत होता.

थोरली आतल्या खोलीत निघून गेली आणि दार तिने जरा जोरात लावलं. धाकटी उठली, दारापाशी गेली, परत आली, आणि मग पाण्याचा पेला घेऊन आत गेली. आतून आधी "तू नको येऊस" ऐकू आलं. थोड्या वेळाने नाक शिंकरल्याचं ऐकू आलं, आणि मग दोघींचं बोलणं.

"आता मी तुमच्या संघात नाही, बाबा," लांब्या म्हणाला. "म्हणजे नियमही नाही. कालचं सांगा."

"आत्ता?"

"आत्ता."

थोरल्याने खुर्ची मागे सरकवली. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने मांडीवर ठेवले.

"साडेपाच," तो म्हणाला.

"बरं."

"चौथ्या मिनिटाला उशिरा वळलास. वजन टाचेवर होतं, तुझं नेहमी असतं, तू अकरा वर्षांचा असल्यापासून आहे ते. अठराव्याला बरोबर अडवलंस, पण मग चेंडू आपल्या माणसाला द्यायचा सोडून बाहेर मारलास, कारण घाबरलास. एकसष्टाव्याला गोल तुझ्या बाजूने झाला. चूक तुझी नव्हती, मधला पुढे सरकला होता. सगळे तुझ्यावर ओरडले. तू ऐकून घेतलंस." तो थांबला. "मला ओरडावंसं वाटलं त्यांच्यावर. आणि सामनाभर तू एकदाही डावीकडे आडवा पडला नाहीस. उजवा गुडघा दुखत होता."

"कुणाला सांगितलं नव्हतं मी."

"पायऱ्या चढताना कठडा धरलास."

लांब्याने ओठ दाताखाली धरला. "आणि त्र्याऐंशीव्याला?"

थोरल्याने मांडीवरचे हात उचलून टेबलावर ठेवले.

"त्र्याऐंशीव्याला तू माझ्याकडे बघितलंस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी बुटांकडे बघितलं. नियम होता."

"नियम गुण न द्यायचा होता, बाबा. न बोलायचा होता. बघायचंच नाही असं कुठे होतं?"

थोरल्याने डोळे पुसले नाहीत, त्यामुळे ते सगळ्यांना दिसले. आईने उगाचच टेबलावरचे चमचे गोळा करायला घेतले.

"पप्पा," भिंगरीने हळूच विचारलं, "काल मी पडलो होतो ना, ते कितव्या मिनिटाला?"

धाकट्याने वहीतून मान वर काढली. "काल? पहिल्या हाफमध्ये कधीतरी. का रे?"

"बाविसाव्या," थोरला म्हणाला. "डावा खांदा आधी टेकला. अजून दुखत असेल."

भिंगरीचा हात आपसूक खांद्यावर गेला. धाकट्याने ते बघितलं, भावाकडे बघितलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पोटात दुखलं.

लांब्यानेही बघितलं. जागेचं त्याला काही वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण पुढच्या हंगामात रोज सकाळी सात वाजता सरावाच्या मैदानावर बाबा असणार, आणि समोर हा असणार. आता याला बाबांनी गुण द्यायचे, आणि बोलायचंही.

त्याने बापाची वही मिटली आणि भिंगरीच्या हातात दिली.

"आता हा समास रोज तुझ्याकडे," तो म्हणाला. "जपून वापर."